डब्यातली बेचाळीस नावं

या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी आजवर दुपारचा डबा खाता खाता, हसायला म्हणून वाचायचो. भूत मी मानत नव्हतो, आजही मानत नाही. हे लिहून राहिलो ते मानायला लागलो म्हणून नाही... भांडायला म्हणून.

जागा – भिलाई, जामुल रस्त्यावरचं आमचं ऑफिस. एक खोली, दोन टेबलं, एक लोखंडी आलमारी आणि सिमेंटची पांढरी धूळ. सकाळी पुसा, दुपारी पुन्हा हजर. आमचे मालक ठेकेदार, प्लांटमध्ये कामगार पुरवतात. त्या कामगारांचे गेटपासचे कागद सांभाळणं माझ्याकडे. सेफ्टी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मेडिकल, फोटो. यातलं एक जरी नसलं तरी माणूस गेटवरून परत.

माझ्याआधी हे काम डोंगरे ककांकडे होतं – इकडे काकांना ककाच म्हणतात. दर शनिवारी चार वाजता ते सगळ्या फाइली एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवायचे. धूळ लागू नये म्हणून ती डिस्क स्टीलच्या डब्यात आणि डबा आलमारीत. आणखी एक कॉपी पेन ड्राइव्हवर, घरी. रिटायर होताना म्हणाले, "पुरू, सगळं एका जागी ठेवू नको. एक इथं, एक डब्यात, एक घरी." मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

कका गेले आणि मी सगळं डेस्कटॉपवर टाकायला लागलो. फोल्डरांची नावं – 'नवीन', 'नवीन २', 'एकदम नवीन'. पेन ड्राइव्ह हरवला. दिवाळीत ती हार्ड डिस्क फॉरमॅट करून तिच्यात भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ भरला आणि डबा आलमारीच्या तळाशी सारला. पुढे झाकणावर एवढी धूळ बसली की मी बोटानं लिहिलं, 'बॅकअप झोपला आहे'. खाली घोरणाऱ्या माणसाचं चित्रही काढलं. कलाकार माणूस!

या उन्हाळ्यात प्लांटच्या एका शटडाऊनसाठी, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीसाठी, बेचाळीस जणांचे कागद आले. शुक्रवारी मी ते सगळे स्कॅन केले. त्यातल्या सोनबती बाईच्या फोटोत डोळे मिटलेले, म्हणून तिचा फोटो परत काढला. मग जोशात येऊन कागदांचा गठ्ठाच रद्दीवाल्याला देऊन टाकला – स्कॅन झालं, आता कागद कशाला? मेन स्विच बंद केला, कुलूप लावलं, चाव्या खिशात घातल्या आणि एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गोंदियाला निघून गेलो. शनिवारी ऑफिस बंद होतं. दुसरी चावी मालकांकडे. ते रायपूरला होते, आणि त्यांना कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नाही.

सोमवारी सकाळी कॉम्प्युटर मेलेला. मेकॅनिकनं उघडून पाहिला आणि हात झटकले. "भैया, हार्ड डिस्क गई. कुछ नहीं निकलेगा."

संध्याकाळी पाचच्या आत सगळे कागद द्यायचे होते. नाही तर काम दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसांना. आणि नव्या प्रती काढायला दहा दिवस. बाहेर बाकावर सोनबती बाई बसलेली, दोन महिन्यांपासून बिनकामाची. तिनं तिच्या छत्तीसगढीत विचारलं, "बाबू, मोर नाव तो हे ना?" – माझं नाव आहे ना?

"हे, हे," म्हटलं. आणि तिच्याकडे न बघता आत गेलो.

ककांना फोन लावला.

"कका, कागद गेले."

"कोन्ते?"

"सगळे."

"डब्यात पाह्य."

"डब्यात लग्न हाय."

"कोनाचं लग्न बे?"

सांगितलं. कका भडकले. म्हणाले, "मंग मले कावून फोन केला? बँडवाल्याले कर!" फोन ठेवता ठेवता, "तरी काढ डबा. पुसलेल्यातून बी कधी कधी जुनं निघते, जुन्या मानसाईचे कागद तरी भेटतील."

आलमारी उघडली. डबा तळाशी, धूळ जशीच्या तशी. माझी अक्षरं, माझा घोरणारा माणूस... एक रेघ मोडलेली नव्हती. डिस्क मेकॅनिकच्या लॅपटॉपला लावली. लग्नाचं फोल्डर होतं. त्याच्या शेजारी दुसरं फोल्डर. नाव – परवाच्या शनिवारची तारीख. वेळ – चार वाजून पाच मिनिटं.

आत बेचाळीस नावं. शुक्रवारी स्कॅन केलेला प्रत्येक कागद. सोनबती बाईचा फोटो – डोळे उघडे असलेला.

"आपने ही लिया होगा, भूल गए," मेकॅनिक म्हणाला. साडेचारला सगळे कागद जमा केले. बेचाळीसच्या बेचाळीस पास झाले.

मग डिस्क घेऊन कुरुदला ककांकडे गेलो. अंगात देव आणणाऱ्यांशी भांडण्यात ज्यांची हयात गेली, असे हे कका. दारातच म्हणाले, "भूत म्हनशील त आल्या पावली वापस जाय." कागद-पेन घेऊन बसले. कुलूप, चावी, धूळ, स्विच – एकेक लिहीत आणि खोडत तासभर. शेवटी चिडून कागद दूर सारला.

"नाही जमून राहिलं."

"मंग लोकाले काय सांगू, कका?"

"माहीत नाही म्हून सांग. त्यात लाज कायची?"

दुसऱ्या दिवशी मालक नारळ-अगरबत्ती घेऊन आलमारीपुढे उभे. "पुरू भैया, कुछ तो है इसमें. हाथ जोड़ लो." मी आलमारीला आडवा उभा राहिलो. म्हटलं, "साहेब, हात जोडायचे तर कुरुदला चला, कका तिथं राहतात. इथं फक्त नवीन डिस्क लागेल. दोन आणा." नारळ त्यांनी घरी नेला. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता प्रतिक्रियांमध्ये कोणी लिहील, 'तुम्हीच घेतला असेल, विसरलात.' माफ करा, माझ्या आळसावर असा आरोप मी खपवून घेणार नाही. कोणी भूत म्हणेल. मग त्या भुताला गेटपासचे नियम कोणी शिकवले, तेही लिहा.

उत्तर माझ्याजवळ नाही. ककांजवळही नाही. दर शनिवारी बॅकअप मीच घेतो, तीन जागी. आणि ज्यानं कोणी ते काम केलं – बाबा रे, तू जो कोणी आहेस तो – बेचाळीस घरांकडून तुझे आभार. समोर यायचं तर दिवसाढवळ्या ये, नाव सांग. नाही तर लांबच राहा. या टेबलावर आता मी बसून राहिलो.