आराखड्यात न बसलेला पौषध

कोरीटच्या भूपेशला कुणी विचारलं, की बाबा रे, तू करतोस तरी काय, तर तो आधी घसा साफ करायचा. मग म्हणायचा, "व्यापाऱ्यांच्या कॉम्प्युटर नेटवर्कचं आपत्ती नियोजन." समोरच्याच्या भुवया वर गेल्या की स्वारी खूश. पण पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे रिचार्ज मारतोस का?"

त्याच्या वडिलांना, भाईदासआप्पांना, हे काम कामच वाटत नव्हतं. "वावर तुन्ही वाट पाही ऱ्हायनं," एवढंच ते म्हणायचे. नंदुरबारची पगाराची नोकरी भूपेशने सोडली ती खापर गावच्या श्रेणिकशेठच्या भरवशावर. श्रेणिकचं किराण्याचं ठोक दुकान, मागे गोदाम, आणि सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले. इथे नाक कापलं गेलं, तर खापरच्या बाजारात भूपेशला कुणी दारात उभं करणार नव्हतं. मग काय, वावर होतंच.

म्हणून गड्याने झकास आराखडा लिहिला. आग, पूर, चोरी, व्हायरस, उंदीर. हो, उंदीरसुद्धा! सगळं दोन-दोन. इंटरनेटच्या लाइनी दोन, इन्व्हर्टर दोन, बॅकअपच्या डिस्क दोन. एक डिस्क दुकानात जोडलेली, दुसरी घरी, श्रेणिकच्या आईकडे, सज्जनबाईंकडे. दर शनिवारी दोन्हींची अदलाबदल. "जागा कुणालाच सांगायची नाही हं, माजी. श्रेणिकशेठलाही नाही," असं त्याने बजावून ठेवलं. "नहीं बताऊंगी, बेटा," म्हणत सज्जनबाईंनी ती डबीएवढी डिस्क दोन्ही हातांनी घेतली. त्या दिवशी भूपेश स्वतःवरच जाम खूश होता.

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी. दुकान बंद होतं आणि नेमकी शेजारी वीज पडली. जळका वास आला म्हणून श्रेणिकने शटर वर केलं, तर मुख्य मशीन गेलेलं, त्याला जोडलेली डिस्कही गेलेली. "भूपेशभाऊ, उद्या सकाळी दुकान उघडायचंय," तो फोनवर एवढंच म्हणाला. भूपेश रुबाबात मोटरसायकलवरून उतरला. जणू याच दिवसासाठी जन्मला होता! नवं मशीन मांडलं, हात चोळले आणि म्हणाला, "आणा माजींची डिस्क."

"आई जैन स्थानकात आहे. पौषध घेतलाय."

पौषध म्हणजे काय, ते भूपेशला तिथे गेल्यावर कळलं. दिवस-रात्र उपाशी, साध्वीसारखं राहायचं. विजेच्या वस्तूला हात लावायचा नाही आणि धंद्याची गोष्ट तोंडातून काढायची नाही. तो चपला काढून, फोन बाहेर ठेवून दारात उभा राहिला. तोंडाला मुहपत्ती बांधून सज्जनबाई भिंतीशी बसल्या होत्या. त्याने हवेत बोटाने चौकोन काढला. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्याने हात जोडले, कान पकडले, पण बाई डोळे उघडेनात. बाकीच्या बायका हसू दाबत होत्या. उंदरापर्यंतचा विचार केला होता या शहाण्याने, पण माजींच्या धर्माला अख्ख्या आराखड्यात एक ओळ नव्हती!

श्रेणिकने घर पालथं घातलं. डबी सापडली नाही. शिकवणच तशी होती ना.

खरं तर भूपेश घाबरला होता तो वेगळ्याच कारणाने. पावसाळा लागल्यापासून तो शनिवारी खापरला फिरकलाच नव्हता. "रस्ता खराब आहे, तुम्हीच बदलून घ्या," असं फोनवर सांगून मोकळा व्हायचा, आणि बदलली का हे कधी विचारायचा नाही. त्या डिस्कवर काय असेल देव जाणे. त्याने बायकोला फोन लावला, तर रुपा हसतच सुटली. "इतला मोठा आराखडा लिखा, आनी माजीना उपास लिखाले भुली गयात?" मागून आप्पांचा आवाज आला, "फवारनीना पंप भरी ठेवू का?"

सकाळी पौषध पुरा करून सज्जनबाई घरी आल्या आणि पापडांच्या डब्यातून, पापडांच्या थराखालून, स्वच्छ कापडात गुंडाळलेली डबी त्यांनी काढून दिली. भूपेशने ती जोडली आणि या वेळी डोळे त्याने मिटले. उघडले, तर गेल्या शनिवारपर्यंतचं सगळं जिथल्या तिथे!

"शेठ, ही बदलली कुणी?"

"मीच, दुसरं काय करणार? तुमचं ऐकून आईने नियमच घेतला. शनिवारी डबी बदलेपर्यंत चहा तोंडाला लावायचा नाही. मध्ये मी सुरतेला अडकलो, पुलावर पाणी होतं. परत आलो तर आई डोकं बांधून पडलेली. मी येईपर्यंत चहाचा घोट घेतला नव्हता."

भूपेशला तो शनिवार चांगलाच आठवला. कोरीटला ओट्यावर बसून, चहाचा दुसरा कप मागत, तोच शेठला फोनवर म्हणाला होता, "एखादा शनिवार चुकला तर काय होतं!"

लाजेने मान खाली घालून तो घरात गेला. पाया पडायला वाकणार, तोच सज्जनबाईंनी त्याच्यापुढे हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम, बेटा. काल तू दारात उभा होतास आणि मी डोळे मिटले. मन दुखलं असेल तुझं. क्षमा कर."

"माजी, क्षमा तर मी..."

"ते मग सांग." त्यांनी समोरच्या चहाच्या कपावर बशी झाकली. कालपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. "आज शनिवार आहे. आधी नवी डबी भरून आण."

भूपेश चपला न घालताच दुकानाकडे पळाला.