करून दाखवायची इंग्रजी

आमच्या पुलगावच्या इंग्रजी क्लासचे किस्से म्हणजे खोलीत भरलेला कापूस. मूठभर काढायला जावं, तर हातभर निघतो. परवा बापूराव भेटला, तर चहा येईपर्यंत पाच-सहा निघाले. तेच सांगतो.

इंग्रज जाऊन काही वर्षं झाली होती, पण इंग्रजी ऑफिसातून उठायला तयार नव्हती. म्हणून रेल्वेतून रिटायर झालेल्या तारबाबूंच्या ओसरीवर आम्ही सहा-सात जण सकाळी जमायचो. तारबाबूंचं म्हणणं असं, की इंग्रजाच्या घरी क्रियापदं मोजकीच, आणि सगळी कामं तो त्यांच्याकडूनच करून घेतो. आपण आंघोळ करतो, फोटो काढतो, परीक्षा देतो. तो हे तिन्ही नुसतं ‘टेक’ करतो! म्हणून एका आठवड्याला एक क्रियापद, आणि त्याला जी नामं चिकटतात ती सगळी प्रत्यक्ष करून दाखवायची. केल्याशिवाय वाक्य बोलायचं नाही.

आमच्यात खरी घाई विठ्ठलला होती. वडनेरची कमला त्याच्या मनात भरली होती. तिचे वडील सीतारामजी मात्र अडून बसले होते: आधी ऑफिसातली नोकरी, मग लग्न. एका गोदामात कारकुनाची जागा निघाली होती आणि मुलाखत इंग्रजीत होती. विठ्ठलला झोप लागत नव्हती, आणि तो आम्हालाही लागू देत नव्हता.

*

‘टेक’च्या पहिल्याच दिवशी बापूरावच्या वाट्याला ‘टेक अ बाथ’ आलं. त्यानं हवेतच लोटा ओतला. तारबाबू म्हणाले, “पान्याशिवाय पाठ होत नाई.”

पौषातली थंडी. बापूराव अंगणात कुडकुडत बादली ओतून घेतोय आणि ‘आय टेक अ बाथ’ म्हणतोय, तेवढ्यात आतून तारबाबूंची बायको, म्हणजे आमच्या काकू, आल्या.

“माह्या तुयशीपाशी कोन आंघोळ करून राह्यलं?”

“काकू, मी अभ्यास करून राह्यलो.”

*

‘टेक अ फोटोग्राफ’ माझ्याकडे होतं. कॅमेरा कुणाच्या बापानं पाहिला होता? मी डोक्यावर दुपट्टा घेतला, पुढे पायलीचं माप धरलं आणि शेजारच्या गंगूबाईंना म्हटलं, “बसा समोर.”

म्हातारी आत गेली. नऊवारी बदलून, नथ घालून आली आणि श्वास रोखून बसली. पुढे दोन वर्षं मी तिच्या दारावरून जाणं सोडलं, कारण ती दिसली की विचारायची, “काऊन रे, माहा फोटू कवा येते?”

*

मग ‘मेक’ लागलं. रोज सकाळी कुणीतरी तारबाबूंचं अंथरूण काढायचं, कारण ‘मेक अ बेड’. आणि सगळ्यांनी पाळीपाळीनं चहा करायचा, कारण ‘मेक टी’. तिसऱ्या दिवशी काकूंच्या घरची साखर संपली.

त्या ओसरीवर येऊन नवऱ्याला म्हणाल्या, “या पोराइले आता ‘वॉश’ शिकवा. कपबश्या पडून राह्यल्या.”

दुसऱ्या दिवसापासून ‘वॉश’ सुरू झालं.

*

‘कॅच अ ट्रेन’साठी तारबाबूंनी आम्हाला स्टेशनवर नेलं. पॅसेंजर हलली की पळायचं, दांडा धरायचा, वाक्य म्हणायचं आणि उतरायचं. बापूराव चढला. पण त्याला वाक्य आठवेना, आणि वाक्याशिवाय उतरायचं कसं?

ते त्याला वर्ध्याला आठवलं.

*

या सगळ्याचा विठ्ठलवर भलताच परिणाम झाला. अंग हलल्याशिवाय त्याच्या तोंडून इंग्रजी निघेनाशी झाली. मुलाखतीच्या आदल्या दिवशी तारबाबूंनी त्याला दरडावलं, “हात खिशात घाल आन् सांग.”

विठ्ठलनं हात खिशात घातले. ओठ हलले, आवाज नाही. शेवटी रडवेला होऊन म्हणाला, “तारबाबू, खिशात इंग्रजी येत नाई.”

आम्हाला हसू आलं होतं, पण त्याचा चेहरा पाहून कुणी हसलं नाही.

*

मुलाखतीच्या दिवशी सीतारामजी स्वतः वडनेरहून आले. पोरगा साहेबापुढे कसा बोलतो, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं. आम्ही त्यांच्याबरोबर गोदामाच्या खिडकीबाहेर उभे राहिलो. त्यांना इंग्रजीचं अक्षर कळत नव्हतं, आणि काचेतून आवाजही येत नव्हता.

साहेबानं काहीतरी विचारलं. नंतर कळलं, ‘तुमचा दिवस कसा जातो?’ एवढंच. विठ्ठलनं खिशातले हात बाहेर काढले. मग खुर्चीवरून उठला.

त्यानं वाकून हवेतच अंथरुणाची घडी केली. लोटे ओतले, पाठ घासली. चूल फुंकली, चहा केला, साहेबापुढे कप ठेवला. मग उकिडवं बसून कपबश्या धुतल्या, पुसल्या. आणि दांडा धरून टेबलाभोवती एक चक्कर पळाला!

मी डोळे मिटून घेतले. लग्न मोडलं, असंच वाटलं. बाजूला पाहिलं, तर सीतारामजी तिथे नव्हते. निकालाला न थांबता त्यांनी वडनेरची वाट धरली होती.

पुढचं त्यांच्या घरातल्यांनीच सांगितलं. ते घरी पोचले, पागोटं खुंटीला लावलं आणि बायकोला म्हणाले, “नोकरी भेटो का न भेटो. पोरगा आपलं अंथरूण आपन काढते, चहा करते, कपबश्या बी धुते. म्या माह्या डोयानं पाह्यलं. वैशाखात पोरगी देऊन टाकू.”

दाराआडून कमलानं एवढंच विचारलं, “बाबा, रोज करते का सायबापुढंच?”