चालू इंजिनाची वायर

तुमच्या डोळ्यांसमोर कुणी चांगली वस्तू मोडत असताना, मोडणारा जाणता दिसतो म्हणून तुम्ही कधी गप्प बसलात का? मी बसले. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं वाटतही नाही.

कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. दारव्ह्याला आमच्याकडे बाबांची जुनी अँबॅसडर होती. टपावर भोंगा बांधलेला, मागच्या सीटवर शेतकरी चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे. सरकारी खरेदी केंद्र सोमवारी उघडणार अशी पक्की खबर आली होती. ते बंद आहे म्हणून व्यापारी पडेल भावात कापूस उचलत होते. दुसऱ्या दिवशी बोरी अरबचा बाजार. तिथे ओरडून एवढंच सांगायचं होतं की सोमवारपर्यंत थांबा.

नेमका तेव्हाच गाडीचा अल्टरनेटर गेला. इंजिन चालू असताना बॅटरी भरत ठेवायची ती त्यानेच. तो नाही तर भोंगा मुका. जुन्या गाडीला नवा मिळेना, म्हणून बॅटरी भरून घेतली आणि ती पुरावी म्हणून भर उन्हात, एकही दिवा न लावता, बाबा आणि मी पांढरकवड्याला हायवेवरच्या जुन्या सामानाच्या दुकानात गेलो.

तिथे सगळे अल्टरनेटर एकाच चंदेरी रंगात रंगवून मांडले होते. ट्रकचे चोवीस व्होल्टचे, आम्हाला हवा बाराचा. कोणता कुठला हे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणूनच तो रंग. मी चावीने रंग खरवडून आकडे वाचू लागले.

"ताई, भाजी निवडून राह्यल्या का?" दुकानदार म्हणाला.

"भाजीले कोणी रंग देत नाही, काका."

एकावर बारा सापडला. बोल्टाचे कान आमच्या जुन्याशी जुळले. पुली हाताने फिरवली, घरघर नव्हती. दुकानदाराने तो बसवला, इंजिन चालू केलं, मी माझा मीटर बॅटरीला लावला. काटा चौदावर! म्हणजे बॅटरी भरत होती. माल चांगला होता. हे लक्षात ठेवा.

मग दुकानदाराने पाना उचलला. "मीटर कायले पाह्यता? अस्सल टेस्ट दाखवतो. चालू इंजनवर बॅटरीची वायर काढतो. इंजन चाललं तं माल पक्का."

अल्टरनेटरच्या आधी गाड्यांत डायनामो असायचा, त्या काळातली ही परीक्षा. अल्टरनेटरवर केली तर आतले डायोड जळतात आणि तो बॅटरी भरेनासा होतो. मी हे वाचलं होतं, आणि पत्रकं वाचत वाढलेली मुलगी छापील ओळ विसरत नाही.

"काका, वायर नका काढू."

"काहून? मीटर घेतला म्हणून मिस्त्री झाली का तू?"

बाबा हळूच म्हणाले, "चूप राह्य बाई. त्यायचा धंदा हाये तो."

भर बाजारात भोंग्यावर बोलणारी मी चूप राहिले. वायर निघाली. इंजिन चालत राहिलं. "पाहा!" म्हणून त्याने वायर परत लावली.

पुढे चहाच्या टपरीवर थांबून मीटर लावला. बारा. रेस दिली तरी बाराच, म्हणजे बॅटरी भरतच नव्हती. तसेच दुकानात परत गेलो.

"माह्या दारात तं चाललं. सगळ्यायनं पाह्यलं. तुमच्याच वायरिंगमध्ये खोट असंन."

जाळणारा तो, तपासणारा तो आणि न्याय देणाराही तोच! कापसात मूठ खुपसून "ओला हाये" म्हणणारा आणि मग तोच कापूस भाव पाडून घेणारा माणूस मी बाजारात रोज पाहत होते. त्याच्यावर पत्रकं लिहीत होते. इथे मात्र एकदा दटावल्यावर मी मागे सरले होते.

घरी भारनियमन. बॅटरी अर्धीच भरली. बोरी अरबला पोचलो, माईक हातात घेतला, "शेतकरी भावांनो, केंद्र..." आणि भोंगा बंद पडला. मी खाली उतरून कापसाच्या एकेका बैलबंडीपाशी धावत सांगत सुटले. आवाज बसला. शेवटच्या बंडीपाशी पोचले तर ती रिकामी, कापूस विकून झालेला. जुवावर बसलेले आजोबा म्हणाले, "पोरी, घंटाभर आधी काहून नाही आली?"

मी त्यांना काय सांगणार होते? की मला माहीत होतं, पण मी चूप बसले?

तुम्हाला एक मागणं आहे. जुना अल्टरनेटर घ्यायला गेलात तर रंग खरवडून आकडा वाचा, मीटर स्वतःच्या हाताने लावा. आणि चालू इंजिनावर कुणी बॅटरीच्या वायरीला पाना लावला, तर त्याचं मनगट धरा. शेजारी बाप उभा असला तरी धरा.