अर्धी राहिलेली कासवाची गोष्ट

तीळ भाजल्याचा वास आला की, पत्नीपासूनही लपवलेली माझी एक थाप आठवते. सिंगापुरात, यिशुनच्या आमच्या फ्लॅटवर संक्रांतीला लेकीच्या नायजेरियन शिक्षिका, अमारा मॅडम, मुलांना कासवाची गोष्ट सांगत होत्या. मुले खिळून बसली होती.

"आपलं कुणी मिळालं नाही का हो? मुलं घाबरतील हिला!" एक स्नेही माझ्या कानात कुजबुजून हसले.

मीही हसलो. "मॅडम, वेळ संपला," म्हणत त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. 'गोड बोला' म्हणायला मात्र जीभ धजली नाही.

"बाबा, लेट हर फिनिश लाह!" लेक रडवेली होऊन तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

काल क्वीन्सटाउनला, अमारा मॅडम आणि इतर कृष्णवर्णीय शिक्षिका गोष्टींतून एकमेकींना आधार देतात त्या बैठकीत, मी मॅडमना विचारून गेलो आणि सर्वांसमोर उभा राहिलो.

"मॅडम, त्या दिवशी वेळ भरपूर होता. मला तुमच्या रंगाची लाज वाटली. मला क्षमा करा."