तो अर्थ तिचा होता

आमच्या त्या वेळच्या मराठी विभागप्रमुखांचं, सरांचं, सहस्रचंद्रदर्शन आलंय. त्यानिमित्त राहुरीत सत्कार आहे आणि गौरवग्रंथही निघतोय. संपादक माझाच जुना विद्यार्थी. त्याचा फोन आला, "सर, त्यांच्या त्या गाजलेल्या लेखाचा सारांश तुम्हीच लिहा. तुम्ही त्यांच्या शेजारच्याच टेबलावर होतात."

होतो ना. म्हणूनच सारांश लिहिणार नाही.

तो लेख पाठ्यपुस्तकातल्या एका कथेवर आहे. ऊसतोडीला निघालेली बाई झोपडी शेणानं सारवते, दार ओढून घेते आणि बैलगाडीत बसते. कथा एवढीच. परीक्षेत सगळी मुलं लिहायची, बाई गरीब होती, तिने घर सारवले, ती कारखान्यावर गेली. हा सारांश. त्यात खोटं काही नाही, पण बाईनं असं का केलं हे तो विचारत नाही. आणि आम्ही मार्क त्यालाच द्यायचो.

कर्जतकडची एक मुलगी वर्गात होती. आईबाप दर दिवाळीनंतर ऊस तोडायला जायचे. तिने पेपरात लिहिलं, सहा महिने कुणी राहणार नाही ते घर सारवायचं कशाला? आमच्याकडे मयत बाहेर नेल्यावर मागं जमीन सारवतात. हिच्यामागं सारवायला कुणी उरत नाही, म्हणून ही स्वतःच सारवून निघते. लेखक मरणाचं नावही काढत नाही, पण भांडी गाडीत चढल्यावर, पोरं बाहेर गेल्यावरच तिच्या हाती शेण देतो.

सरांनी लाल शेरा मारला, 'कथेत नाही ते लिहू नये.' पेपर माझ्याकडे सरकवत म्हणाले, "बघ, धडधाकट बाईला मारून टाकलं हिनं!" मी हसलो.

पुढं नगरच्या व्याख्यानात सरांनी हाच अर्थ स्वतःचा म्हणून मांडला. टाळ्या पडल्या. मग लेख, पुस्तक, पुरस्कार. त्या दिवशी व्याख्यान संपल्यावर तिने मला जिन्यात गाठलं. "सर, माझा पेपर तुमी वाचला हुता ना?"

माझी नोकरी कायम व्हायची होती आणि अहवाल सरांच्या हातात होता. मी म्हणालो, "आठवत नाही."

तिने मराठी विषय सोडला. आज ती शाळेत गणित शिकवते.

हे सगळं लिहून मी संपादकाला पाठवलं. दुसऱ्याच दिवशी सरांचा फोन. "काय रे, जुनी मढी कशाला उकरतोस?"

"तुमच्या लेखाचं विश्लेषण केलं, सर. मयतामागं सारवतात हे तुम्हाला कुठं कळलं, एवढंच विचारलंय. तुमच्याकडं तर आजोबांपासून शहाबादी फरशी."

"पुरावा आहे का तुझ्याकडं?"

"मी आहे ना."

त्यांनी फोन ठेवला. संध्याकाळी संपादकाचा निरोप आला, ग्रंथात जागा उरली नाही.

मग मी तिला फोन केला. माफीचं काढलं तर म्हणाली, "मला फोनवर कशाला सांगता, सर? तिथं सत्काराला बोला की, त्यांच्या तोंडावर."

"तू येशील?"

"येते. पुढच्याच रांगेत बसते."

निमंत्रणपत्रिका कधीच्या वाटून झाल्यात आणि वक्त्यांमध्ये माझं नाव आहे. सरांना ओवाळून झालं की मी बोलायला उभा राहणार आहे.