सातवी चौकट

दातिवऱ्याच्या खाडीत ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचणारी एक म्हातारी मला रोज भेटायची. नाव मी कधी विचारलं नाही. माझ्या हातात वही असायची म्हणून तिच्या लेखी मी मास्तर. बारीक तिसरी हाताला लागली की "लेकरू हाय अजून" म्हणत ती टाचेने परत वाळूत दाबायची.

खाडीत तिसऱ्या किती उरल्यात, त्याचा मी अंदाज काढत होतो. चिठ्ठी उचलायची, निघेल त्या जागी लोखंडी चौकट टाकायची आणि आतली वाळू उकरून मोजायचं.

"इथं काय नाय. तिकडं हायत," ती विळ्याने दाखवायची.

"आजी, नसतील तिथंही मोजावं लागतं. नाहीतर सगळी खाडी भरलेलीच वाटेल."

एकदा लागोपाठ सहा चौकटी रिकाम्या गेल्या. सातवी टाकून मी पिशवीतून पेन्सिल काढायला वळलो. परत पाहतो तर चौकटीत वाळूच्या वरच आठ तिसऱ्या, स्वच्छ धुतलेल्या.

"आजी, या तुमच्या टोपलीतल्या."

"असू दे, मास्तर. एवढं उन्हात राबता तुमी, सायब काय म्हणल?"

त्या बाजूला ठेवून मी आतली वाळू उकरली, एकही निघाली नाही. वहीत शून्य लिहिलं. तिसऱ्या मात्र रुमालात बांधून घेतल्या. तिच्या टोपलीत परत टाकायचा धीर झाला नाही.