गाडीतला पखवाज

आमच्या घरात एकमेकांचं न ऐकण्याची परंपरा जुनी आहे, पण खरोखर ऐकू न येणारा माणूस एकच होता, माझे सासरे. मामंजींनी उमेदीची सगळी वर्षं गिरणीत मागांच्या खडखडाटात घालवली आणि मागांनी त्यांच्या कानातले बारीक आवाज कायमचे काढून घेतले. जाड आवाज अजून येतात, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे रस्त्यावरून गेलेला ट्रक त्यांना ऐकू यायचा, घरातली सून नाही. मी मुलुंडच्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि माझा चिरका आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो अशी माझी ख्याती होती. घरात मात्र मी "मामंजी, चहा" म्हटलं की ते "होय" म्हणत आणि चहा निवत राही. ते सगळ्यालाच होय म्हणत. त्यामुळे त्यांचं घरात कुणाशी कधी वाजलं नाही.

मुलुंडला येण्याआधी, चाळीत असताना, ते भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. पखवाजाच्या डाव्या अंगाला लावायची कणीक ते स्वतः मळत, सासूबाईंच्या हातच्या कणकेवर त्यांचा विश्वास नव्हता. पुढे गिरणी सुटली, चाळ सुटली, पखवाज मंडळाकडेच राहिला. उरली ती एक कॅसेट, कुणीतरी एकादशीच्या भजनाला टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन भरलेली. घरच्या छोट्या टेपवर ती लावली की टाळ वाजायचे आणि बुवांचा गळा वाजायचा, म्हणजे नेमकं मामंजींना न ऐकू येणारं तेवढंच. ते बिचारे टेपकडे बघत बसायचे आणि संपली की होय म्हणायचे.

त्यांच्या दोन्ही मुलांना, म्हणजे ह्यांना आणि भावोजींना, ते फार लागत असे. वडिलांचा हात वडिलांना एकदा तरी ऐकवायचा असं दोघांनी ठरवलं. दोघांचं एकमत झालेला माझ्या आठवणीतला तो शेवटचा विषय. घरात मोठे स्पीकर लावायचे तर वरच्या मजल्यावरच्या काकूंचं ब्लडप्रेशर आडवं आलं, म्हणून गाडीत लावायचे ठरले. गाडी दोघांत मिळून घेतलेली, आमच्याआधी बऱ्याच जणांनी वापरलेली. तिच्यात आधीचा एक कुजबुजणारा रेडिओ होता, तो काढला. लॅमिंग्टन रोडवरून नवा कॅसेट प्लेअर आला, अँप्लिफायर आला आणि मागच्या काचेखालच्या फळीवर बसवायला ताटाएवढे दोन स्पीकर आले. दुकानदार माणूस पाठवतो म्हणाला होता. पण भावोजी विजेच्या सामानाच्या कंपनीत हिशेब बघत आणि हे मरोळच्या कारखान्यात मशीन जोडत. असल्या घरात बाहेरचा माणूस कशाला?

रविवारी काम निघालं. डावा स्पीकर भावोजींनी जोडला, उजवा ह्यांनी. प्रत्येक स्पीकरला दोन वायरी होत्या, एक साधी आणि एक रेघ असलेली. स्पीकरच्या एका टोकावर लाल ठिपका होता. भावोजींच्या मते रेघ म्हणजे खूण, म्हणून रेघवाली वायर लाल ठिपक्याला. ह्यांच्या मते रेघ म्हणजे उलट बाजूची खूण, म्हणून साधी वायर लाल ठिपक्याला. दोघांनी आपापल्या बाजूला आपापलं मत जोडलं आणि वर झाकण लावलं.

मामंजींना मधे बसवून कॅसेट लावली. टाळ असे कडाडले की सोसायटीच्या खिडक्या उघडल्या. पखवाज मात्र कुणी शेजारच्या खोलीत पुठ्ठ्याच्या खोक्यावर बोटं वाजवावीत तसा. मामंजी चेहरा सांभाळून बसले होते. भजन अर्धं झाल्यावर त्यांनी विचारलं, "कधी लावतलात रे?"

पुढचे रविवार उपायांत गेले. बॅटरी नवी आणली. डिकीत जुनी गादी कोंबली, मग ती काढून उश्या कोंबल्या, मग जाऊबाई उश्या परत घेऊन गेल्या. जाड आवाजाचं बटण तुटेपर्यंत फिरवलं. ह्यांचा एक मित्र म्हणाला, स्पीकर अजून मोकळे व्हायचेत, थोडे दिवस वाजू द्या. तेही केलं. एक ना धड भाराभर चिंध्या.

शेवटी भावोजी भडकले. आवाज डावीउजवीकडे सरकवायचं एक बटण होतं. त्यांनी ते पूर्ण डावीकडे फिरवलं आणि म्हणाले, माझी बाजू बघा. ह्यांनी ते उजवीकडे फिरवलं आणि म्हणाले, माझी बघा. मी दोघांकडेही बघत नव्हते, मी मामंजींच्या हाताकडे बघत होते. बटण डावीकडे गेलं की त्यांची बोटं गुडघ्यावर हलत. उजवीकडे गेलं तरी हलत. मधे आलं की थांबत.

मग मला उलगडलं. वायरी उलटसुलट जोडल्यामुळे एका स्पीकरचा पडदा पुढे येत होता तेव्हा दुसऱ्याचा मागे जात होता. एकाने ढकललेली हवा दुसरा गिळत होता. बारीक आवाजाला त्याचं फारसं काही वाटत नाही, जाड आवाज मात्र जागच्या जागी मरतो. मी सांगितलं, तुमच्या दोन्ही बाजू ठीक आहेत, फक्त एकत्र चालत नाहीत. एकाने आपल्या वायरी उलट करा. कुणीही करा, फरक पडत नाही.

हे "कुणीही" मी म्हणायला नको होतं. तुझी चूक आहे असं एकाला सांगितलं असतं तर निदान भांडून तरी निकाल लागला असता.

"मग दादा करेल," हे म्हणाले. "मोठा आहे तो."

"मी मोठा आहे म्हणूनच मी करणार नाही," भावोजी म्हणाले.

बटण एका बाजूला ठेवून एकच स्पीकर वाजवावा, असं जाऊबाईंनी सुचवलं. कुणाचा, यावर तेही अडलं. दोघं गाडीत पुढे शेजारी बसून मुलुंडहून ठाण्यापर्यंत जात आणि एक शब्द बोलत नसत. मागे मामंजी टाळांच्या कल्लोळात शांत बसलेले.

काही दिवसांनी दोघंही अचानक खुशीत दिसू लागले. जेवताना एकमेकांना वाढायला लागले. रविवारी दोघांनी मोठ्या हौसेने मामंजींना गाडीत बसवलं आणि कॅसेट लावली. पखवाज तसाच खोक्यासारखा. दोघांचे चेहरे उतरले, आणि मग दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. भावोजी म्हणाले की पुस्तकातलं विज्ञान वेगळं आणि गाडीतलं वेगळं. ह्यांनी माझी बाजू घेतली नाही, ते मला चांगलंच झोंबलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले ती पदर खोचून, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली गेले. दोन्ही झाकणं काढली. डावीकडच्या वायरी उलट केलेल्या होत्या, वर ताजी काळी पट्टी. उजवीकडच्याही उलट केलेल्या होत्या, वर ताजी काळी पट्टी. वडिलांसाठी दोघांनी माघार घेतली होती, एकमेकांना कळू न देता. त्यामुळे पहिले पाढे पंचावन्न. मी गाडीच्या सीटवर बसून आधी हसले, आणि मग मला डोळे पुसावे लागले. इतका चांगुलपणा या घरात होता आणि त्याचा आवाज म्हणून बाहेर पडत नव्हता.

जे दार उघडं होतं त्या बाजूच्या वायरी मी फिरवल्या. कुणाच्या ते अजून सांगितलेलं नाही. दोघांचीही आजवर खात्री आहे की आपल्या माघारीनेच काम झालं, फक्त स्पीकर मोकळे व्हायला एक दिवस जास्त लागला.

मग मी वर जाऊन मामंजींना हाताला धरून खाली आणलं. मधे बसवलं, शेजारी बसले आणि कॅसेट लावली. पहिल्याच थापेला सीट हलली. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर चालू लागले, कॅसेटच्या जरा मागून, तिला आवरत असल्यासारखे. भजन संपत आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"हाताक वजन आसा," ते म्हणाले. "पण घाई करता. कोण गो ह्यो?"

"तुम्हीच, मामंजी," मी म्हटलं.

"होय," ते म्हणाले.

मी शेवटच्या बाकापर्यंत जाणाऱ्या आवाजात पुन्हा सांगितलं. समोरच्या इमारतीतली बाई गॅलरीत आली. तेव्हा मी त्यांच्या छातीकडे बोट दाखवलं. त्यांनी खाली मान घालून पाहिलं, शर्टावर काही सांडलंय असं वाटून हाताने झटकलं, आणि मला खूण केली की कॅसेट पुन्हा पहिल्यापासून लाव.